एकट्याने उतरावं, टीम करून की कंपनीच्या नावाने?

प्रश्न: मी एका सॉफ्टवेअर कंपनीत नोकरी करतो. गेलं वर्षभर संध्याकाळी आणि सुट्टीच्या दिवशी बसून एक अ‍ॅप बनवतोय. ज्यांना बारीक अक्षरं दिसत नाहीत त्यांनी औषधाच्या पाकिटावर फोन धरला की नाव, मात्रा आणि मुदतीची तारीख ते मोठ्याने वाचून दाखवतं. एवढं नीट चालतं. गोळीची आठवण करून देणं, घरच्यांना ‘गोळी घेतली’ असा निरोप जाणं आणि औषधांच्या किमतींची तुलना, ही आणखी तीन कामं अर्धवट आहेत. सात आठवड्यांनी एका अ‍ॅप स्पर्धेची मुदत संपते आणि प्रवेशिकेसोबत अ‍ॅप स्टोअरवर असायला हवं. एकटी माणसं, टीम, कंपन्या, सगळे एकाच गटात आहेत. ओळखीचे दोघं टीम करू म्हणतात. एक जण डिझायनर आहे, दुसरा बॅकएंड, म्हणजे पडद्यामागचं सर्व्हरचं काम करतो. बक्षिसाचे तीन समान वाटे व्हावेत असं दुसऱ्याचं म्हणणं. तेवढ्यात मॅनेजरच्या कानावर गेलं. ते म्हणाले, ‘कंपनीच्या नावाने भर, तुला दोन माणसं देतो.’ कंपन्यांपुढे एकट्याचा निभाव लागतो का? आणि सगळ्यांना एकाच गटात घालणं हा अन्याय नाही का?
— एकांडा शिलेदार

उत्तर:

शिलेदार, तुम्ही विचारलेल्या दोन्ही प्रश्नांच्या आधी एका न विचारलेल्या प्रश्नाची तड लागायला हवी. हे अ‍ॅप आज कुणाच्या मालकीचं आहे? शिलेदार स्वतःच्या घोड्यावर लढाईला जायचा, बारगीर सरकारी घोड्यावर. तुमचा घोडा कोणता, हे तुमचं नेमणूकपत्र पाहिल्याशिवाय मला सांगता येणार नाही, आणि पत्रावरून वाटतं की तुम्हीही ते अलीकडे उघडून पाहिलेलं नाही.

ते आज रात्री काढा आणि बौद्धिक संपदेचं कलम वाचा. नोकरीचा भाग म्हणून केलेल्या कामाचा कॉपीराइट मालकाकडे जातो, असा नियम बऱ्याच देशांत आहे. ‘पण मी तर संध्याकाळी काम केलं’ एवढ्याने सुटका होतेच असं नाही, कारण अनेक कंपन्या करारात याहून बरंच जास्त लिहून घेतात. नोकरीच्या काळात जे बनवाल ते आमचं, इतपत. कॅलिफोर्नियात कामगार संहितेच्या कलम २८७० ने कर्मचाऱ्याला संरक्षण दिलं आहे: स्वतःच्या वेळात, कंपनीची साधनं न वापरता लावलेला शोध कंपनीला मागता येत नाही. तिथेही अपवाद आहेच. शोध कंपनीच्या धंद्याशी निगडित असेल तर हे संरक्षण लागू होत नाही. तेव्हा तुमची कंपनी आरोग्य क्षेत्रासाठी काही बनवते का? कंपनीच्या लॅपटॉपवर एखाद्या रविवारी ‘जरा बघू’ म्हणून कोड उघडला होता का? कंपनीच्या परवान्याचं एखादं टूल वापरलं का? ही उत्तरं प्रामाणिकपणे लिहून काढा. शंका राहिली तर वकिलाला एकदा करार दाखवण्याचे पैसे खर्च करा. स्पर्धेच्या अर्जात ‘ही निर्मिती माझी आहे आणि तिच्यावर दुसऱ्या कुणाचा हक्क नाही’ अशा आशयावर सही करावी लागते. हरलात तर ती सही कुणी तपासत नाही. जिंकलात तर तपासतात.

आता अन्यायाचं. सगळ्यांना एकाच गटात टाकणं मला आवडत नाही, पण त्याला सरसकट अन्याय म्हणायला मी तयार नाही. आयोजकाला स्पर्धेतून काय हवं आहे, त्यावर ते ठरतं.

ज्यांना माणसाचं कसब बघायचं असतं ते एकट्यांसाठी वेगळी व्यवस्था करतात. २००२ मध्ये सुरू झालेल्या लुडम डेअर या गेम बनवण्याच्या स्पर्धेने ‘कॉम्पो’ हा गट फक्त एकट्यांसाठी ठेवला: ४८ तास, कोड, चित्रं, आवाज सगळं त्याच माणसाने त्याच वेळात केलेलं, आणि सोर्स कोड सोबत जोडायचा. टीमसाठी ‘जॅम’, ७२ तासांचा, सैल नियमांचा. अ‍ॅपलच्या स्विफ्ट स्टुडंट चॅलेंजमध्ये तर टीमला जागाच नाही. विद्यार्थ्याने काम एकट्याने करायचं आणि ते परीक्षकाला तीन मिनिटांत अनुभवता आलं पाहिजे. डेटावरची कोडी सोडवण्याच्या स्पर्धा घेणाऱ्या कॅगल या संकेतस्थळाचा तोडगा मला सगळ्यात चतुर वाटतो. रँकिंगचे गुण देताना त्यांनी टीममधल्या माणसांच्या संख्येच्या वर्गमुळाने भागायची पद्धत ठेवली. चौघांच्या टीममध्ये प्रत्येकाला एकट्याच्या निम्मे गुण मिळतात, पाव नव्हे. एकत्र येण्याला उत्तेजन मिळतं आणि नुसतं नाव लावून घेणाऱ्याला थोडा चापही बसतो. शिवाय ग्रँडमास्टर हा तिथला सर्वोच्च किताब मिळवायचा तर पाच सुवर्णपदकांतलं एक तरी एकट्याने मिळवलेलं हवं, ही अट.

पण ज्याला लोकांच्या हातात टिकणारं अ‍ॅप हवं आहे, त्याची अडचण वेगळी. २००८ मध्ये वॉशिंग्टन डीसीत ‘अ‍ॅप्स फॉर डेमोक्रसी’ झाली. शहराची सरकारी माहिती वापरून ३० दिवसांत ४७ अ‍ॅप आली. त्यांनी स्वतंत्र डेव्हलपर आणि एजन्सी यांना पदकंही वेगवेगळी दिली, म्हणजे तुम्ही म्हणता तो न्याय केला. तरी २०१० मध्ये शहराच्या नव्या तंत्रज्ञान प्रमुखांनी अशी स्पर्धा पुढे चालवायला नकार दिला. आलेल्या अ‍ॅपमधून शहराला टिकाऊ उपयोग होत नाही, ही त्यांची तक्रार होती. स्पर्धा संपल्यावर अ‍ॅप कोण सांभाळणार, याचं उत्तर कंपनीकडे निदान कागदावर तरी असतं. तुमच्या स्पर्धेच्या गुणतक्त्यात ‘पुढील देखभाल’ किंवा ‘विस्ताराची क्षमता’ अशा नावाचा रकाना असेल तर तिथे तुम्ही मागे पडणार, हे धरून चाला. तो रकाना मुद्दाम तुमच्याविरुद्ध घातलेला नाही.

खरा अन्याय होतो तो आधीपासून तयार असलेला माल ‘नवा’ म्हणून मांडला जातो तेव्हा. २०१३ मध्ये सेल्सफोर्स या सॉफ्टवेअर कंपनीने दहा लाख डॉलरची हॅकेथॉन, म्हणजे ठरावीक वेळात नवं काही बनवून दाखवायची स्पर्धा, घेतली. जिंकलेल्या टीमने आपलं काम स्पर्धेच्या आधीच दाखवलेलं होतं आणि तिच्यातला एक जण सेल्सफोर्सचा माजी कर्मचारी होता. एवढा आरडाओरडा झाला की कंपनीने शेवटी बरोबरी जाहीर केली आणि दुसऱ्या टीमलाही दहा लाख डॉलर दिले. तेव्हा तुमच्या स्पर्धेचे नियम वाचताना जुन्या कोडबद्दल काय म्हटलंय ते आधी शोधा. तुमचं अ‍ॅपही वर्षभराचं आहे, हे विसरू नका. ही अट तुम्हालाही आडवी येऊ शकते.

एकट्याचा निभाव लागतो का, यावर माझं ठाम मत आहे: मोजमाप कसं होतं ते बघा.

नेटफ्लिक्सने २००६ मध्ये जाहीर केलं की आमच्या शिफारशींची अचूकता १० टक्क्यांनी वाढवून दाखवा आणि दहा लाख डॉलर घ्या. ‘गॅरेजमधला एक साधा माणूस’ अशा अर्थाचं नाव घेऊन एक गृहस्थ एकटेच उतरले आणि भल्याभल्या प्रयोगशाळांच्या पंक्तीत जाऊन बसले. पण शेवट काय झाला? २००९ मध्ये बक्षीस मिळालं ते तीन टीम एकत्र येऊन झालेल्या टीमला. दुसरीही अशीच जोडून झालेली टीम होती. दोघांची सुधारणा सारखीच, १०.०६ टक्के, पहिल्यांनी उत्तर वीस मिनिटं आधी पाठवलं म्हणून ते जिंकले. अशा स्पर्धेत टीम वाढवण्याला अर्थ असतो, कारण वेगवेगळ्या लोकांची गणितं वेगवेगळ्या ठिकाणी चुकतात आणि एकत्र केली की चुका एकमेकींना खोडतात. (जाता जाता: जिंकलेलं ते अवाढव्य गणित नेटफ्लिक्सने जसंच्या तसं वापरात आणलंच नाही. बसवायची मेहनत फायद्यापेक्षा जड झाली.)

अ‍ॅपचं तसं नसतं. दोन बऱ्या स्क्रीनची सरासरी काढून एक उत्तम स्क्रीन मिळत नाही. तीन जणांनी तीन डोक्यांनी केलेलं अ‍ॅप हाताळताना सांधे लगेच कळतात. इथलं बटण खाली, तिथलं वर. एका ठिकाणी ‘जतन करा’, दुसरीकडे ‘सेव्ह’. परीक्षक काही मिनिटंच बघणार असेल तर एका माणसाने एकाच हट्टाने केलेलं छोटं अ‍ॅप उठून दिसतं.

याचा पुरावा हवा असेल तर गूगलचं पहिलं अँड्रॉइड डेव्हलपर चॅलेंज बघा. २००८ ची गोष्ट, १,७८८ प्रवेशिका. प्रत्येकी २,७५,००० डॉलरची मोठी बक्षिसं दहा जणांना मिळाली. त्यांत ट्यूनविकी ही कंपनी होती, पुढे मोठी कंपनी झालेलं लाइफ३६० होतं आणि त्यांच्याच शेजारी कंपेअर एव्हरीव्हेअर हे एका विद्यार्थ्याने एकट्याने केलेलं अ‍ॅपही होतं. बारकोड वाचून किमती ताडणारं. मात्र त्या वर्षी एक गोष्ट एकट्यांच्या बाजूने होती. अँड्रॉइडचा पहिला फोनही बाजारात आलेला नव्हता, त्यामुळे कुणाकडेच तयार माल नव्हता. नव्या प्लॅटफॉर्मवर सगळे सारखेच अडाणी असतात. जुन्या प्लॅटफॉर्मवर कंपनी वर्षानुवर्षं घासूनपुसून घेतलेलं उत्पादन घेऊन येते. भारतात २०२० मध्ये झालेल्या आत्मनिर्भर भारत अ‍ॅप इनोव्हेशन चॅलेंजमध्ये ऑफिसच्या कामकाजाच्या विभागात झोहो वर्कप्लेस जिंकलं. १९९६ मध्ये सुरू झालेली आणि २००५ पासून ऑनलाइन ऑफिसचा धंदा करणारी कंपनी ती. तिथे कुणा एकट्याने ऑफिसचा सगळा संच घेऊन उतरण्यात काय हशील?

त्याच स्पर्धेचा एक आकडा मात्र तुम्ही डोळ्यांसमोर ठेवा. एकूण ६,९४० प्रवेशिका होत्या. त्यांतल्या ३,९३९ व्यक्तींच्या आणि ३,००१ संस्था-कंपन्यांच्या. व्यक्तींच्या अ‍ॅपपैकी वापरायला तयार होती १,७५७, उरलेली २,१८२ अजून घडतच होती. कंपन्यांची १,७४२ तयार, १,२५९ अर्धवट. टक्केवारी काढा: तयार अ‍ॅप एकट्यांकडे साधारण ४५ टक्के, कंपन्यांकडे ५८. अर्ज भरताना एकट्यांची संख्या जास्त होती. ‘आज उघडून वापरता येईल का’ असं विचारलं की ती आघाडी जवळजवळ संपते. एकटा माणूस कल्पनेत कमी पडतो असं मला कधी वाटलं नाही. तो संपवण्यात कमी पडतो. आणि तुमच्याच पत्रात चारातली तीन कामं अर्धी आहेत.

म्हणून कापा. किमतींची तुलना आजच काढून टाका. २००८ मध्ये त्याची नवलाई होती, आज तुमच्या मुख्य कामाशी त्याचा संबंध नाही. घरच्यांना निरोप जाण्याची सोयही काढा. तिच्यासाठी सर्व्हर लागतो, खाती लागतात, लोकांच्या औषधांची माहिती बाहेर साठवावी लागते आणि त्या माहितीची जबाबदारी गळ्यात पडते. पाकीट वाचून दाखवणं हे फोनवरच, इंटरनेटशिवाय होऊ शकतं. अँड्रॉइडवर एमएल किट आणि आयफोनवर व्हिजन फ्रेमवर्क अक्षरं ओळखण्याचं काम फोनवरच करतात. ‘तुमच्या औषधांची माहिती फोनबाहेर जात नाही’ हे एक वाक्य परीक्षकापुढे तीन फीचरच्या बरोबरीचं ठरेल. गोळीची आठवण ठेवायची तर ठेवा, तिला सर्व्हर लागत नाही. पण तारीख चुकीची वाचली गेली तर अ‍ॅप काय करतं, ते आधी ठरवा. ‘नीट दिसत नाही, पुन्हा धरा’ असं म्हणायला अ‍ॅपला शिकवा. औषधाच्या बाबतीत ठोकून देणारं अ‍ॅप धोक्याचं, आणि नेमका हाच प्रश्न परीक्षक विचारतील. टॉकबॅक (अँड्रॉइड) आणि व्हॉइसओव्हर (आयफोन) या स्क्रीन मोठ्याने वाचून दाखवणाऱ्या सोयी चालू करून, डोळे मिटून सगळं अ‍ॅप वापरून बघा. ज्यांच्यासाठी बनवलंय ते तसंच वापरणार आहेत.

सर्व्हर गेला की टीमचा प्रश्नही बराचसा सुटतो. बॅकएंडवाल्या मित्राला देण्याजोगं काम या अ‍ॅपमध्ये उरतच नाही. दोघांत बोलण्याचा धागा एकच असतो, तिघांत तीन, पाच जणांत दहा. सात आठवड्यांत ते धागे सांभाळायला वेळ नाही. आणि वर्षभराच्या कामात शेवटच्या सात आठवड्यांसाठी येऊन तिसरा हिस्सा मागणं मला पटत नाही, मैत्री कितीही असो. डिझायनरला मात्र घ्या. रंग, अक्षरांचा आकार, बटणांची जागा हे तुमच्या अ‍ॅपचं अर्धं काम आहे, आणि प्रात्यक्षिकाचा व्हिडिओ एकट्याने करायला गेलात तर तो रात्री दोन वाजता, चुकीच्या प्रकाशात होईल. नियमांत चालत असेल तर दोघांची टीम म्हणून नोंदवा. ‘एकटा’ या बिरुदाला वेगळं बक्षीस नाही, मग ते कशाला मिरवायचं? पण पहिली स्क्रीन आखायच्या आधी एक पानभर लिहून घ्या: बक्षिसाचे वाटे, कोड कुणाचा, डिझाइन कुणाचं, स्टोअरचं खातं कुणाच्या नावावर, एकाने सोडलं तर काय, आणि बक्षीस मिळालंच नाही तर अ‍ॅप पुढे कुणाचं. या शेवटच्या मुद्द्यावर सगळ्यात जास्त भांडणं होतात, कारण त्याचा विचार कुणीच केलेला नसतो.

स्टोअरचा विषय निघालाच आहे तर एक गोष्ट, जी व्यक्ती आणि कंपनी यांच्यात सरळ फरक करते आणि जी बहुतेकांना शेवटच्या आठवड्यात कळते. १३ नोव्हेंबर २०२३ नंतर उघडलेलं गूगल प्लेचं वैयक्तिक खातं असेल तर अ‍ॅप थेट सगळ्यांसाठी प्रसिद्ध करता येत नाही. आधी बंद चाचणी घ्यावी लागते. किमान १२ परीक्षणकर्ते, सलग १४ दिवस. (आधी ही संख्या २० होती.) त्यानंतर परवानगीचा अर्ज, मग त्याची छाननी. संस्थेच्या खात्याला ही अट नाही, पण ते उघडायला डी-यू-एन-एस क्रमांक, म्हणजे संस्थेची ओळख पटवणारा नोंदणी क्रमांक लागतो. तुमच्या सात आठवड्यांतून हे तीनेक आठवडे आधीच वजा करा. म्हणजे चाचणीला देण्याइतपत अ‍ॅप चौथ्या आठवड्यापूर्वी तयार हवं. चाचणीला घेतलेली माणसं मधेच बाहेर पडली तर दिवसांची मोजणी बिघडते, म्हणून बाराच्या जागी वीस-पंचवीस जणांना विचारा, आणि त्यांत खरोखर कमी दिसणारे निम्मे तरी असू द्या. अ‍ॅपलकडे अशी अट नाही, पण वैयक्तिक खात्यावर विक्रेता म्हणून तुमचं कायदेशीर नाव जगाला दिसतं. मॅनेजरलाही.

त्यांच्याविषयी. ‘दोन माणसं देतो’ ही ऑफर वाईटच असेल असं नाही. स्पर्धा देखभालीला वजन देत असेल, तुम्हाला हे अ‍ॅप पुढे नोकरीतच पूर्णवेळ करायचं असेल आणि श्रेय, बक्षिसातला वाटा व पुढच्या निर्णयांतला तुमचा अधिकार हे तिन्ही लेखी मिळत असेल, तर विचार करण्याजोगी आहे. पण चहाच्या वेळी तोंडी मिळालेली माणसं पहिलं मोठं गिऱ्हाईक आलं की तोंडीच परत जातात. कोड मात्र तोवर कंपनीच्या खात्यावर गेलेला असतो. तुमच्या पत्रात त्यांनी श्रेयाचा शब्द काढल्याचं दिसत नाही, म्हणून माझा कौल आज तरी नाही असाच.

त्यांना नकार सांगायची घाई करू नका, कारण करारात काय निघेल ते अजून आपल्याला माहीत नाही. करार वाचून झाला की ईमेल करा, तोंडी नको: ‘हे काम मी स्वतःच्या वेळेत, स्वतःच्या साधनांवर केलं आहे. कंपनीच्या व्यवसायाशी त्याचा संबंध नाही अशी माझी समजूत आहे. वैयक्तिकरीत्या स्पर्धेत उतरायला कंपनीची हरकत नाही, असं लेखी मिळावं.’ यातलं जे वाक्य तुमच्या बाबतीत खरं नसेल ते लिहू नका. ‘हरकत नाही’ आलं तर त्याच दिवशी डिझायनरसोबत बसा आणि चाचणीच्या माणसांना निरोप धाडा. हरकत आली तर वकील. आणि आठवडाभर उत्तरच आलं नाही तर त्याला होकार समजू नका. पुन्हा लिहा, या वेळी एचआरला प्रत जोडून. तोपर्यंत कोड लिहायला हरकत नाही, फक्त स्पर्धेचा अर्ज दाबून ठेवा.